तारण

मलेट कोव्हचे भूखंड एकेकाळी पेपरच्या वर्गणीसोबत मिळायचे.
सहा महिन्यांची वर्गणी, वर वीस डॉलर,
आणि नकाशावरचा एक चौकोन तुमचा.
माझ्या आजोबांनी, आर्विड टोर्गर्सननी,
आपला चौकोन ओहोटीला पाहिला.
विकणाऱ्यानं वेळ बरोबर निवडली होती.

भरतीला परत आले, तेव्हा चौकोनात मासे होते.
हसले म्हणे. खांब रोवले, शिंपल्यांचा चुरा ओतला,
घराघरांमध्ये फळ्या टाकल्या
आणि फळ्यांनाच गल्ली म्हटलं.
कालवं काढायचे, बार्जवर चढवायचे.
पुढे शहराचा मैला खाडीत उतरला,
कालवांनी लोकांना ताप दिला,
सरकारनं किनाऱ्यावर मनाईची पाटी ठोकली.
ती पाटी आमच्या स्वयंपाकघरात आहे अजून,
फडताळाचं दार म्हणून. अक्षरं आतल्या बाजूला.

इथे पुराला कुणी सनावरून ओळखत नाही.
चर्चची घंटा पाण्याखाली वाजली तेव्हा.
बर्गिटचा बाप्तिस्मा होडीत झाला तेव्हा.
आणि शेवटचा, मोठा :
तेलाच्या टाक्या तरंगत गेल्या तेव्हा.

त्यानंतर शेजारच्या लोरेटा गिलहूलीनं
घर उचलायला कर्ज काढलं, घरावरच.
जॅक लागले. घर साडेसहा फूट उठलं,
मग ठेकेदार उठला
तो थेट फ्लोरिडात जाऊन बसला.
जिन्याचे पैसे त्याच्याकडे होते.
तीन हिवाळे ती शिडीनं आपल्या घरात चढली,
पाठीवर किराणा, दातांत किल्ली.

हप्ते थकले. बँकेचा माणूस नोटीस डकवायला आला
तो नेमका उधाणाच्या दिवशी.
वेळापत्रक त्याला कुणी सांगितलं नव्हतं;
आमच्या प्रत्येक फ्रिजवर ते असतं.
गाडी बुडाली. बूट वाहून गेले.
लोरेटानं त्याला वर घेतलं, मोजे वाळत घातले,
सूप दिलं, आणि मग
नोटीस त्यानं हातातच दिली तिच्या,
मान खाली घालून.

या मार्चमध्ये राज्याची योजना आली.
चर्चच्या माळ्यावर टेबल मांडलं होतं
(तळघरात आम्ही काहीच मांडत नाही).
टेबलामागे येवा नावाची मुलगी, नखं कुरतडलेली.
थकबाकी माफ, म्हणाली. सगळी.
अठ्ठेचाळीस हजार दोनशे सहा.
अट एकच, पाच वर्षं
घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही,
सोडून राहायचं नाही.
दरवर्षी पाचवा हिस्सा उतरेल.

लोरेटानं चष्मा काढला.
"बहिणीनं डोंगरात खोली रंगवून ठेवलीय," म्हणाली.
थोड्या वेळानं : "पिवळी."

बुडीत खातं म्हणतात बँकवाले.
कोण बुडालं, त्याचा रकाना त्यात नसतो.
इतकी वर्षं घर तारण होतं.
आता ती.

सही केली तिनं. पेन माझं होतं,
ते पर्समध्ये टाकून घेऊन गेली.

त्या रात्री पौर्णिमा होती. गाड्या नेऊन
चर्चच्या चढावर लावल्या सगळ्यांनी, नेहमीसारख्या.
पाऊस नाही, वारा नाही,
गटाराच्या जाळीतून पाणी वर आलं
आणि गल्लीत पसरलं, स्वतःची किल्ली असल्यासारखं.
लोरेटा वर उंबऱ्यात बसलेली,
पाय खाली सोडून, मांडीवर पत्र.
मी माझ्या जिन्यावर टॉर्च घेऊन.

"एमिल," तिनं हाक मारली, "किती राहिले गं बाई आता?"
बाई ती स्वतःलाच म्हणते.
मी पायरीवर टॉर्च मारला. "चार इंच."
"इंच नाही रे," म्हणाली.

मग दोघंही गप्प.
घोड्याच्या नालासारखा एक खेकडा
सावकाश सरकत गेला आमच्या दोघांच्या मधून,
जिथे पूर्वी फळ्या होत्या, बरोबर तिथून.